पाळणाघराचा करार आणि डिजिटल स्वाक्षरी

मूल सांभाळण्याचे काम कोकणात आजवर घराबाहेर फारसे गेले नाही. आई शेतात, बाजारात किंवा मासळीच्या लिलावाला गेली तरी ओटीवर आजी असे, मागील दारी चुलती असे, आणि कोणीच नसले तर शेजारचे घर उघडे असे. या व्यवस्थेला नाव नव्हते, मोबदला नव्हता आणि कागद तर नव्हताच. सिंधुदुर्ग जिल्ह्यात ही व्यवस्था आता झपाट्याने विरळ होत आहे. २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली. चाकरमानी मुंबईला जातो ही जुनी गोष्ट. पण त्याच्यामागे गावात राहणारे घरही आता लहान झाले आहे. पुष्कळ घरांत मूल आहे, पण त्याच्यामागे धावू शकेल अशी आजी नाही.

दुसऱ्या बाजूने स्त्रियांच्या कामाचे स्वरूप बदलले. ३० एप्रिल १९९७ रोजी सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतरच्या काळात मालवण, तारकर्ली, देवबाग या किनारपट्टीवर निवास व न्याहारीची घरे, खाणावळी आणि सागरी क्रीडांचे व्यवसाय उभे राहिले, आणि त्यांतील बराच भार स्त्रियांनी उचलला. शिवाय शिक्षिका, परिचारिका, बँक कर्मचारी अशा अन्य जिल्ह्यांतून बदलून येणाऱ्या स्त्रियांना येथे नात्याचे घरच नसते. अशा कुटुंबांचा आधार म्हणजे पाळणाघर, किंवा स्वतःच्या घरी चार-पाच मुले सांभाळणारी एखादी मावशी. या व्यवहाराला लेखी कराराची जोड कशी द्यावी, तो करार डिजिटल स्वाक्षरीने कसा करता येतो, आणि त्याचे बळ कोठवर चालते, याचा विचार या लेखात केला आहे.

‘आपल्यात कागद कित्याक?’

कराराचा विषय काढला की मालवणी माणसाचा पहिला उद्गार बहुधा हाच असतो. ज्या बाईच्या मांडीवर आपण मूल ठेवतो, तिच्यापुढे कागद ठेवणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखविणे, अशी ही भावना आहे. ती समजण्यासारखी असली तरी तपासून पाहण्यासारखीही आहे.

शासकीय किंवा आस्थापनांच्या पाळणाघरांना नियमांची चौकट असते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाड्यांचे जाळे उभे राहिले. ‘मिशन शक्ती’अंतर्गत पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविण्याची तरतूद आहे. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने घातले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद आता समाविष्ट आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू देण्याची मुभाही तिच्यात आहे. परंतु मालवणच्या किनाऱ्यावर ५० माणसे कामाला असलेली आस्थापना विरळाच. येथील घरगुती पाळणाघरात पालक आणि सांभाळणारी बाई यांच्यातील बोलणे हाच बहुधा एकमेव नियम असतो. ते बोलणे जितके स्पष्ट, तितकी व्यवस्था सुरक्षित.

ते बोलणे अस्पष्ट राहिल्यास पहिला तोटा अनेकदा सांभाळणाऱ्या बाईचाच होतो. समजा, सायंकाळी सहाला मूल नेण्याचे ठरले आहे आणि पालक रोज साडेसातला येतात. बाईने जादा पैसे मागितले तर ती लोभी ठरते, आणि न मागितले तर तिच्या स्वतःच्या घरची दिवाबत्ती खोळंबते. समजा, मुलाला ताप आहे हे न सांगता त्याला आणून सोडले आणि इतर मुले आजारी पडली. बोल लागतो तो पाळणाघरालाच. लेखी करार हा अशा वेळी त्या बाईच्या श्रमाचा दाखला असतो. मूल सांभाळणे हेही काम आहे, त्याला वेळ आहे, मोल आहे आणि मर्यादा आहे, हे तो कागद सांगतो. पालकांच्या दृष्टीने पाहता, मुलाला कोणता पदार्थ सोसत नाही, ते कोणाच्या ताब्यात द्यावयाचे, आजारी पडल्यास कोणत्या डॉक्टरकडे न्यावयाचे, या गोष्टी तोंडी सांगून विसरण्याजोग्या नाहीत.

करार पक्का कशाने होतो?

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १० नुसार करार करण्यास पात्र व्यक्तींची मुक्त संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश असला की करार सिद्ध होतो. बालसंगोपनाच्या करारासाठी विशिष्ट नमुना किंवा नोंदणी यांची अट नाही. तोंडी करारही करारच असतो. मात्र तो शाबीत करणे अवघड जाते.

मूल स्वतः सज्ञान नसल्याने त्याच्या वतीने पालक करार करतात. यातील पालक कोण, हा प्रश्न सिंधुदुर्गात फार महत्त्वाचा आहे. वडील मुंबईत किंवा आखातात, आई नोकरीवर आणि मुलाला पोहोचविणारे आजोबा, असे चित्र घरोघरी दिसते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून प्रथम पित्याचा आणि ‘त्याच्यानंतर’ मातेचा उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात १९९९ साली ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘अनुपस्थितीत’ असा लावला. त्यामुळे वडील दूर असताना मुलाची देखभाल प्रत्यक्ष करणाऱ्या आईने स्वाक्षरी केल्यास तिच्या अधिकाराविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अन्य धर्मीयांच्या बाबतीत त्यांचा व्यक्तिगत कायदा आणि १८९० चा पालक व पाल्य कायदा लागू होतो. आजोबा-आजींची नावे ‘मूल नेण्यास अधिकृत व्यक्ती’ म्हणून करारात घालावी. करारातील पक्ष मात्र आई-वडीलच असावे. शक्य असेल तेथे दोघांनीही सही करणे सर्वात चांगले. दूरस्थ पित्याची सही हीच कागदी करारातील मोठी अडचण असते, आणि डिजिटल स्वाक्षरीची खरी उपयुक्तता येथेच सुरू होते.

पंजा, मोर्तब आणि संगणक

स्वाक्षरी दोन कामे करते. हा मजकूर कोणी मान्य केला हे ती सांगते, आणि मान्य केल्यानंतर त्यात काही घुसडले गेले नाही याची ग्वाही देते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याच्या बांधणीचा आरंभ झाला, त्या मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हाताचा व पायाचा म्हणून चुन्यातील ठसा दाखविला जातो. हाताचा ठसा ही माणसाची खूण होय, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. शिवकालीन पत्रांच्या शिरोभागी मुद्रा उठविली जाई, आणि मजकूर संपताच मोर्तब होई. मोर्तबाखाली कोणी ओळ वाढविली तर ती बनावट ठरे. मुद्रेने पत्र कोणाचे ते कळे, मोर्तबाने ते कोठे संपले ते कळे.

डिजिटल स्वाक्षरी हीच दोन कामे गणिताच्या साहाय्याने करते. संगणक प्रथम करारातील संपूर्ण मजकुराचा एक ठसा काढतो. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीने निघणारा ठसा ६४ अक्षरांकांचा असतो. मजकूर एका पानाचा असो की शंभर पानांचा, ठशाची लांबी तीच राहते. करारात मासिक शुल्क ३,००० रुपये असताना एक ठसा निघतो; नंतर कोणी ते गुपचूप ३,५०० केले तर ठसा पूर्णतः वेगळा निघतो. एखादा स्वल्पविराम बदलला तरी हेच घडते.

हा ठसा सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने कुलूपबंद केला जातो. या पद्धतीत प्रत्येकाच्या दोन किल्ल्या असतात. खासगी किल्ली केवळ त्याच्या ताब्यात राहते, तर सार्वजनिक किल्ली सर्वांना उपलब्ध असते. खासगी किल्लीने बंद केलेले तिच्या जोडीच्या सार्वजनिक किल्लीनेच उघडते. तसे ते उघडले आणि आतील ठसा समोरच्या मजकुराच्या ठशाशी जुळला, की सही त्याच व्यक्तीची व मजकूरही तोच, हे दोन्ही एकाच वेळी सिद्ध होते. दोन किल्ल्यांची ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली, आणि रिव्हेस्ट, शामिर व एडलमन यांनी १९७७ मध्ये तिला व्यवहारात उतरेल असे रूप दिले.

एक प्रश्न उरतो. अमुक सार्वजनिक किल्ली अमुक व्यक्तीचीच हे कोणी सांगावे? त्यासाठी प्रमाणन प्राधिकारी असतात. ते व्यक्तीची ओळख पटवून प्रमाणपत्र देतात, आणि त्यांच्यावर केंद्र शासनाच्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकाची देखरेख असते. पुण्यात मुख्यालय असलेली ‘सी-डॅक’ ही शासकीय संस्था या प्राधिकाऱ्यांपैकी एक असून तिची ‘ई-हस्ताक्षर’ सेवा आधारवर आधारित स्वाक्षरीसाठी वापरली जाते.

कायद्याचा आधार

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने १९९६ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापाराविषयी एक नमुना कायदा तयार केला. त्याच्या आधारे भारताने माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० केला व तो १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम ५ ने इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीस कागदावरील सहीची बरोबरी दिली. २००८ च्या सुधारणा कायद्याने, जो २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला, कलम १०-क घातले. केवळ इलेक्ट्रॉनिक साधनाने केला एवढ्याच कारणावरून करार निष्फळ ठरणार नाही, असे हे कलम सांगते. २०१५ मध्ये आधारद्वारे ओळख पटवून करावयाच्या स्वाक्षरीस मान्यता मिळाली.

हा कायदा काही दस्तांना लागू होत नाही. मृत्युपत्र व न्यास हे त्यांतील प्रमुख होत. बालसंगोपनाचा करार या वगळलेल्या यादीत येत नाही, म्हणून तो डिजिटल स्वाक्षरीने करण्यास हरकत नाही.

महाराष्ट्रातील नागरिकांना ही पद्धत तशी अनोळखी राहिलेली नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला, आणि तलाठ्याच्या शाईच्या सहीवाचूनही उतारा खरा असू शकतो हे शेतकऱ्याने अनुभवाने मान्य केले. घरभाड्याचे लिव्ह अँड लायसन्स करारही घरबसल्या आधारच्या पडताळणीने नोंदविले जातात. घर देण्या-घेण्यासाठी जी दक्षता आपण घेतो, ती मूल सोपविताना घेऊ नये असे म्हणण्यास आधार नाही.

सही आणि सहीचे चित्र

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. कागदावर सही करून तिचे छायाचित्र दस्तावर चिकटविणे म्हणजे डिजिटल स्वाक्षरी नव्हे. ते चित्र कोणीही उचलून दुसऱ्या दस्तावर लावू शकतो, आणि मजकूर बदलला तरी ते जागचे हलत नाही. व्हॉट्सअॅपवर ‘मान्य आहे’ असे लिहिणे हा मधला प्रकार होय. त्यातून करार होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत अॅल्युमिनियम या खटल्यात ई-मेलच्या देवाणघेवाणीतून झालेला करार वैध मानला होता. परंतु संदेश कोणी पाठविला, तो पूर्ण आहे काय, हे वाद शिल्लक राहतात. मान्यताप्राप्त प्रमाणपत्रावर आधारलेल्या स्वाक्षरीचे पारडे न्यायालयात याहून जड असते.

अशी स्वाक्षरी दोन मार्गांनी करता येते. एक मार्ग म्हणजे प्रमाणन प्राधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र घेऊन ते लहानशा उपकरणात जवळ बाळगणे. वारंवार सह्या कराव्या लागणाऱ्या संस्थेला हा सोयीचा आहे. दुसरा मार्ग आधारवर आधारित ई-स्वाक्षरीचा. त्यात आधारशी जोडलेल्या मोबाईलवर संकेतांक येतो, तो भरला की त्या एका सहीपुरती किल्ल्यांची जोडी तयार होते, सही उमटते आणि खासगी किल्ली नष्ट केली जाते. वर्षातून एकदा करार करणाऱ्या पालकांना हा मार्ग पुरेसा आहे. मालवणात आईने आणि त्याच सायंकाळी मुंबईहून वडिलांनी एकाच दस्तावर सही करणे यामुळे शक्य होते.

मोबाईलवर येणारा संकेतांक हा सहीचा अंगठा आहे, हे मात्र कधीही विसरू नये. पूर्वी निरक्षर माणसाचा अंगठा सावकार कोऱ्या कागदावर घेत असे. न वाचलेल्या दस्तासाठी सेवा केंद्रचालकाला किंवा अन्य कोणाला संकेतांक सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणेच होय. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अप्रामाणिकपणे वापरल्यास कलम ६६-ग नुसार तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि शिक्षेपेक्षा सावधगिरी बरी. मूल सांभाळणारी बाई कमी शिकलेली असल्यास करार तिला मराठीत, सावकाश, एखाद्या तिच्या विश्वासातील व्यक्तीसमक्ष वाचून दाखवावा. मुक्त संमती ही कराराची पहिली अट आहे आणि न समजलेल्या मजकुराला दिलेली संमती मुक्त नसते. आधारचा वापर कोणावरही लादू नये. ज्याला कागदावर सही करावयाची आहे त्याची सही तितकीच कायदेशीर आहे.

करारात काय लिहावे?

करार दोन पानांहून मोठा नसावा आणि त्याची भाषा रोजच्या वापरातील असावी. पुढील बाबी त्यात असाव्यात.

(१) मुलाचे नाव व जन्मदिनांक, आई-वडिलांची नावे, पत्ते व दूरध्वनी. सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव व मूल जेथे राहणार त्या जागेचा पत्ता.

(२) मूल पोहोचविण्याची व नेण्याची वेळ, उशीर झाल्यास द्यावयाचे जादा शुल्क, आणि मूल नेण्यास अधिकृत व्यक्तींची नावे. यादीबाहेरील व्यक्तीच्या ताब्यात, ती ओळखीची असली तरी, पालकांशी बोलल्याशिवाय मूल देऊ नये.

(३) मासिक शुल्क, ते देण्याची तारीख आणि सुट्यांचा हिशेब. किनारपट्टीवर हे कलम विचारपूर्वक लिहावे लागते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, सागरी क्रीडा थांबतात, निवास-न्याहारीची घरे रिकामी असतात. त्या महिन्यांत आई घरी असेल तर पूर्ण शुल्क घ्यावे काय? न घेतल्यास सांभाळणाऱ्या बाईचे घर कसे चालावे? जागा राखून ठेवण्यासाठी पावसाळ्यात ठरावीक हिस्सा द्यावा, असा मध्य काढता येतो. गणेशचतुर्थीच्या दिवसांत पाळणाघर किती दिवस बंद राहील, हेही आधीच लिहावे.

(४) आहार, औषध आणि आजार. मासळी, शेंगदाणे, दूध यांपैकी मुलाला काय चालत नाही. औषध कोणाच्या लेखी सूचनेने द्यावे. ताप आल्यास किती वेळात कळवावे. पालकांशी संपर्क न झाल्यास कोणत्या रुग्णालयात न्यावे.

(५) एका वेळी किती मुले व त्यांना सांभाळण्यास किती माणसे असतील. विहीर, तळे, खाडी किंवा समुद्र जवळ असलेल्या घरी कुंपण आणि दाराची कडी यांचा स्पष्ट उल्लेख असावा. मालवण, देवबागसारख्या पाण्याने वेढलेल्या गावी हे कलम सर्वात मोलाचे आहे.

(६) करार संपविण्यासाठी किती दिवसांची सूचना द्यावी, आगाऊ रक्कम असल्यास ती परत कशी करावी, आणि तंटा झाल्यास प्रथम कोणाच्या मध्यस्थीने बोलावे.

मुद्रांक आणि पुरावा

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात ‘दस्तऐवज’ या संज्ञेत इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचाही समावेश आहे. म्हणून सही संगणकावर केली याने मुद्रांक शुल्क चुकत नाही. राज्यात अनेक किरकोळ दस्तांवरील १०० रुपयांचे शुल्क ऑक्टोबर २०२४ मध्ये ५०० रुपये करण्यात आले. आपल्या कराराला लागू होणारा दर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा आणि शुल्क सहीपूर्वी, सहीच्या वेळी अथवा लगतच्या कामकाजाच्या दिवशी भरावे. शुल्क न भरल्याने करार रद्द होत नाही. पण थकलेले शुल्क व दंड भरल्याखेरीज तो न्यायालयात पुराव्यात घेता येत नाही.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयी देशाला मार्गदर्शक ठरलेला निर्णय महाराष्ट्रातील वादातून आला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील नामनिर्देशनपत्र मुदतीत दाखल झाले काय, हा प्रश्न निवडणूक कार्यालयातील चित्रफितींवरून उपस्थित झाला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला, की मूळ उपकरण हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र कायम असून त्यात अभिलेखाचा संगणकीय ठसा नमूद करावयाचा असतो.

सामान्य पालकांनी यातून घ्यावयाचा धडा सोपा आहे. सही झालेली मूळ संगणकीय फाइल जशीच्या तशी दोन्ही पक्षांनी जपून ठेवावी. छापील प्रत ही वाचण्याच्या सोयीसाठी असते. तिच्यावरून डिजिटल स्वाक्षरी पडताळता येत नाही. फाइल केवळ एका मोबाईलमध्ये ठेवू नये. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात जिल्ह्याच्या अनेक भागांत वीज व दूरध्वनी दीर्घकाळ बंद होते. त्या दिवसांत जे घडले ते पुन्हा घडू शकते. म्हणून मुलाचा आहार, औषध व संपर्क-क्रमांक यांचा एक छापील कागद पाळणाघराच्या भिंतीवर अवश्य असावा. पुरावा फाइलमध्ये आणि दैनंदिन सूचना भिंतीवर, अशी ही विभागणी आहे.

कराराच्या मर्यादा

डिजिटल स्वाक्षरी मजकूर खरा असल्याचे सांगते. तो न्याय्य असल्याचे सांगत नाही. ‘मुलाला काहीही झाले तरी आम्ही जबाबदार नाही’ असे कलम कितीही भक्कम सहीने मान्य केले, तरी निष्काळजीपणाची जबाबदारी त्याने आपोआप संपत नाही. न्यायालयात दाद मागण्याचा हक्क पूर्णपणे हिरावून घेणारे कलम करार कायद्याच्या कलम २८ नुसार निरर्थक ठरते. शुल्क घेऊन दिलेली ही सेवा असल्याने तिच्यातील उणिवेबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे ती दाखल करण्याची सोय या कायद्याने दिली आहे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला झालेली मारहाण कॅमेऱ्यातील चित्रणामुळे उघडकीस आली, आणि सारा महाराष्ट्र हळहळला. अशा गुन्ह्याला करार आवर घालू शकत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास ते पोलिसांना कळविणे हे २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर घातलेले बंधन आहे. ‘आपसात मिटवू’ असे कोणतेही कलम त्याच्या आड येऊ शकत नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक करारावरच छापलेला असावा.

मुलाची माहिती हीदेखील जपण्याची वस्तू आहे. जन्मदिनांक, आजार, छायाचित्रे आणि आधार क्रमांक या गोष्टी करारासोबत अनेक हातांतून जातात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मुलांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक मानतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले व ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. पाळणाघरातील मुलांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक तेवढ्या देखरेखीस नियमांत सवलत आहे. पण मुलाचे छायाचित्र जाहिरातीत वापरणे ही देखरेख नव्हे. करारास आवश्यक नसलेली माहिती मागू नये व देऊ नये.

तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीची चळवळ रुजविली, तेव्हा मुलांकडे लक्ष देणे हे समाजाचे काम आहे हा विचार त्यांनी महाराष्ट्राला दिला. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत सुरू केलेल्या फिरत्या पाळणाघरांनी बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांपर्यंत तोच विचार नेला. आज तो किनाऱ्यावरील लहान घरांपर्यंत पोहोचावयाचा आहे. महिला बचत गटांनी आपल्या गावातील मूल सांभाळणाऱ्या स्त्रियांना एकत्र बसवून मराठीतील साधा करारनामा ठरविला, आणि ग्रामपंचायत कार्यालयात एका दिवशी सर्वांच्या स्वाक्षऱ्यांची सोय केली, तर या कामाला फारसा खर्च येणार नाही.

करार वाचताना पालक आणि सांभाळणारी बाई पहिल्यांदाच समोरासमोर बसून मुलाच्या दिवसाचा तासातासाने विचार करतात. विहिरीला कुंपण नाही हे बहुधा त्याच बैठकीत ध्यानात येते. सही त्यानंतर करावी. कुंपण आधी घालून घ्यावे.